पुढच्या वर्षी पुन्हा सादर करावे

दिल्लीत सरकारं आली नि गेली, पण आर. के. पुरममधल्या आमच्या ब्लॉकातल्या कुठल्या पोरानं कोणत्या वर्षापासून घाबरायचं थांबवावं, हा निर्णय शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातात राहिला. तो माणूस म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे वरचे काका. वरच्या मजल्यावरचे म्हणून वरचे. एरवी ते कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि तिथे त्यांच्या शब्दानं पंख्याचं पातंसुद्धा हलत नसे. पण संध्याकाळी सहाची बस पकडून ते एकदा ब्लॉकात शिरले, की खेळणारी पोरं आपोआप ताठ उभी राहत आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं शौर्य आणत. कारण कोण कधी तपासलं जाईल याचा नेम नसे.

मेट्रो अजून आमच्या बाजूला पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गणपतीतून उरलेला उत्साह जिरवायला आमचं मराठी मंडळ दर नोव्हेंबरात एक बस करून यमुनेपलीकडच्या एका मोठ्या करमणूक पार्कात सहल नेत असे. तिथे चहाच्या कपात बसून गरगर फिरायची सोय होती, हेलकावणारं जहाज होतं, आणि या सगळ्यांच्या वर, पोरांच्या स्वप्नात आणि आयांच्या पित्तात वर्षभर फिरत राहणारा रोलर कोस्टर होता. कोस्टरच्या दारात पार्कवाल्यांनी एक लाकडी अस्वल उभं केलं होतं. मुलाचं डोकं अस्वलाच्या पंजाला लागलं की मूल आत. जगातल्या इतर पोरांना एवढं पुरत होतं. आमच्या ब्लॉकातल्या पोरांना पुरत नव्हतं, कारण काका म्हणत, "अस्वलाला काय कळतं? त्याला स्वतःचं पोर आहे का? उंची मोजता येते रे, पोटातला गोळा कोण मोजणार?"

तो गोळा काका मोजत. दसरा जवळ आला की तपासण्या सुरू होत. पहिली तपासणी कुकरची. काकूंच्या स्वयंपाकघरात मुलाला स्टुलावर बसवायचं आणि ते कितव्या शिट्टीला दचकतं ते बघायचं. या तपासणीपायी त्या घरातली डाळ दोन महिने इतकी शिजे की ती वाढायला डाव लागत नसे, वाटी नुसती जवळ नेली की ती आपण होऊन येई. दुसरी तपासणी स्कूटरची. मुलाला पुढे उभं करून सेक्टरातल्या झाडून सगळ्या स्पीडब्रेकरांवरून न्यायचं. पण काका स्वतः स्कूटर अशा बेतानं चालवत, की एकदा उसाच्या रसाचा गाडा ढकलणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना मागे टाकलं आणि वर वळून विचारलं, "पेट्रोल ख़त्म हो गया क्या, बाबूजी?" तिसरी तपासणी गच्चीची. मुलानं कठड्याशी उभं राहून खाली काय काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. काका गच्चीच्या मधोमध, पाण्याच्या टाकीला पाठ चिकटवून लिहून घेत. ते कधी कठड्यापर्यंत का येत नाहीत, हा प्रश्न आम्हाला कितीतरी वर्षं पडला नाही.

आणि सगळ्यात मोठी तपासणी रावणाची. सेक्टरच्या मैदानात रावण पेटला की हजारो माणसं तोंडं वर करून रावणाकडे बघत, आणि एकटे काका रावणाकडे पाठ करून, हातात टॉर्च घेऊन पोरांच्या तोंडाकडे बघत. कुणी पहिल्याच फटाक्याला कान झाकले, कुणी आईच्या पदरात घुसलं, कुणाचा नुसताच ओठ थरथरला, सगळं टिपलं जाई. मी शपथेवर सांगतो, अठरा वर्षं दर दसऱ्याला हजर राहूनही त्या माणसानं रावण जळताना एकदाही पाहिलेला नव्हता.

हे सगळं कुठे टिपलं जाई? फाइलीत. प्रत्येक मुलाची वेगळी फाइल, टॅग लावलेली, पानांवर आकडे घातलेली. मुलानं स्वतःच्या अक्षरात अर्ज करायचा, 'मला यंदा रोलर कोस्टरवर बसायची परवानगी मिळावी', आणि काका त्याखाली हिरव्या शाईनं शेरा मारत. ऑफिसात हिरव्या शाईचा मान जॉइंट सेक्रेटरीपासून वरच्यांना. घरी काकांना कोण अडवणार? आणि बहुतेक फाइलींवर, वर्षामागून वर्षं, एकच शेरा पडे: 'पुढच्या वर्षी पुन्हा सादर करावे.'

आता तुम्ही म्हणाल, पोरं आमची, पासाचे पैसे आमचे, मग हे कोण? बरोबर आहे. पण तुम्ही केंद्र सरकारात नोकरी केलेली नाही. आमच्या ब्लॉकात झाडून सगळे बाप सरकारी, आणि ज्याच्या टेबलावर फाइल आहे त्याला ओलांडून काही करता येतं, ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरत नसे. काकांना अधिकार कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. फाइल त्यांच्याकडे होती, एवढं आम्हाला पुरे होतं. माझी बायको तेवढी शाळेत शिक्षिका, त्यामुळे तिला हे काही केल्या पटेना. "मुलगी तुमची की मंत्रालयाची?" असं ती मला चारचौघांत विचारायची. मी म्हणायचो, "माझीच. पण फाइल वर आहे."

मुलगी म्हणजे आमची मिनू. वय वर्षं आठ, दिल्लीतच वाढलेली. दोन वर्षांपूर्वीच तिचं डोकं अस्वलाच्या पंजाला लागलं होतं आणि दोन्ही वर्षं ती खाली उभी राहून, वरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकत, मुकाट्यानं पॉपकॉर्न खात परतली होती. पहिल्या वर्षी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला तिची पापणी लवली होती. दुसऱ्या वर्षी रावणाच्या वेळी ती हसली, तर काकांनी लिहिलं, 'हसू भीतीचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मिनू म्हणाली, "मला डर नाही लागत, काका." काका म्हणाले, "तेच तर. लागायला पाहिजे थोडी. बिल्कुल न लागणं बरं नाही."

तिसऱ्या वर्षी, ऐन ऑक्टोबरात, माझी नागपूरला बदली झाली. मार्चमध्ये, शाळा संपली की निघायचं. म्हणजे मिनूची ही शेवटची सहल. आता पुढचं वर्ष नव्हतं, आणि त्या घरातून 'पुढच्या वर्षी'खेरीज दुसरा शब्द बाहेर पडत नव्हता. सहलीच्या आधीचा तो आठवडा मी कसा काढला ते माझ्या छताला विचारा. काकांना मुळात बसणं माहीत नव्हतं. ते चहा चालत पीत, पेपर चालत वाचत, आणि फाइल अवघड असली की चपला घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत. मिनूची फाइल वर गेल्यापासून आमच्या डोक्यावर जी चटकफटक सुरू झाली ती थांबेचना. ते वर चालत, मी खाली चालायचो. बायको म्हणाली, दोघं मिळून एव्हाना पानिपतला पोचला असतात, आणि निकालही तसाच लागला असता.

शेवटी मी वर गेलो. "काका, आमची बदली झालीय. मिनूला पुढचं वर्ष नाही."

काका व्हरांड्यातून तिकडे जाता जाता म्हणाले, "बदलीनं मूल मोठं होत नाही रे बाबा." आणि इकडे येता येता म्हणाले, "विचार चालू आहे."

काकूंनी चहा आणला आणि ट्रेखालून एक जुनी, कडा झिजलेली फाइल हळूच माझ्या हातात सरकवली. ती त्यांच्या लेकीची होती. ती तेव्हा लग्न होऊन गुरुग्रामला, म्हणजे त्या वेळच्या गुडगावला, राहत होती. पहिला अर्ज सहाव्या वर्षीचा, मोडक्या अक्षरातला, 'माननीय बाबा' असा सुरू होणारा. तेव्हा हे पार्क नव्हतं, अर्ज जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासाठी होता. त्याखाली हिरवा शेरा. मग सातव्या वर्षीचा, आठव्या वर्षीचा. अक्षर सुधारत गेलं, शेरा तोच राहिला. शेवटचा अर्ज चौदाव्या वर्षीचा, चांगल्या वळणदार अक्षरात, एका ओळीचा: 'आता बसावंसं वाटत नाही. अर्ज मागे घेते.' त्याखाली हिरव्या शाईत एकच शब्द होता, 'पाहिले', आणि सही.

"त्या वर्षी हो म्हणणार होते," काकू हळूच म्हणाल्या. "ठरवलं होतं त्यांनी."

मी फाइल परत ट्रेखाली ठेवली. चहा कसा होता ते मला आठवत नाही.

सहलीच्या दिवसापर्यंत मिनूची फाइल खाली आली नाही. काका ती काखेत मारूनच बसमध्ये चढले आणि सीट असूनही पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फेऱ्या घालू लागले. आश्रम चौकात ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "अंकलजी, बस तो चल ही रही है, आप क्यों चल रहे हो?" सगळी बस हसली. मिनू हसली नाही. ती काखेतल्या फाइलीकडे बघत होती.

कोस्टरसमोर आम्ही पोचलो. मंजूर झालेली तीन मोठी पोरं धावत आत गेली. मिनू अस्वलापाशी उभी राहिली. अस्वलाचा पंजा आता तिच्या कानाशी येत होता. काकांनी फाइल उघडली, हिरव्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. माझ्या पोटात जो गोळा आला तो मोजायला कुणी नव्हतं.

"काका," मिनू म्हणाली, "तुम्ही पाहणी केलीय का?"

"कसली पाहणी?"

"याची. कोस्टरची. तुम्हीच म्हणता ना, प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय शेरा नाही मारायचा."

हे खरं होतं. ते काकांचं ब्रीद होतं. मंडळाच्या जेवणातल्या श्रीखंडाला 'ठीक' म्हणण्याआधी ते पातेल्याच्या तीन बाजूंनी पाहणी करत. आणि इतक्या वर्षांत ते कोस्टरवर कधी चढले नव्हते. कोस्टरच काय, ते कशावरच चढले नव्हते. गच्चीची टाकी मला आठवली, टाकीला चिकटलेली पाठ आठवली, आणि अचानक सगळा उलगडा झाला. काका थांबले. मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात कधी ऑफिसच्या कामात तोंड न घालणाऱ्या काकू म्हणाल्या, "जा की मग."

"एकटा जातो. पाहणी एकट्यानंच करायची असते," काका म्हणाले.

पण दारावरचा माणूस म्हणाला, "अंकल, दो-दो की सीट है. बच्ची को साथ बिठा लो, जल्दी करो."

अशा रीतीनं मिनू कोस्टरवर बसली. फाइल माझ्या हातात राहिली. गाडी खडखडत चढू लागली, आणि ती टोकाला पोचली तेव्हा, त्या अर्ध्या क्षणात, मला कळलं की आम्ही सगळे बाप काकांना एवढं का मानत होतो. नकार त्यांनी द्यायचा आणि सुटका आमची व्हायची. खाली उभं राहून आपलं मूल वर जाताना बघायची तयारी आमच्यातल्या एकाचीही नव्हती, आणि त्यासाठी कुठे अर्ज करायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. मग गाडी कोसळली. किंकाळ्या झाल्या. त्यातली सगळ्यात खणखणीत किंकाळी मराठीत होती, आणि ती मिनूची नव्हती.

दोघं उतरली. काकांचे केस उभे, चष्मा मिनूच्या मुठीत, आणि काकांचा हात मिनूच्या हातात. "मी सांगत होते यांना," मिनू मला म्हणाली, "डोळे उघडा, काका, संपत आलंय. उघडलेच नाहीत." काका अस्वलाच्या पायाशी बाकावर बसले. हो, बसले. काकूंनी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी हात पुढे केला, मी फाइल दिली. ती दिल्लीतली सगळ्यात वाकडी टिपणी असेल. त्यांनी लिहिलं: 'पाहणी केली. मुलगी तयार आहे. पाहणी अधिकारी अद्याप तयार नाहीत. त्यांचे प्रकरण पुढच्या वर्षी पुन्हा सादर करावे.' आणि फाइल मिनूला देऊन टाकली. त्या दिवशी मिनू आणखी चार वेळा बसली. दर वेळी काका खाली उभे राहून तिला हात करत होते, आणि कोस्टर आला की डोळे मिटत होते.

मार्चमध्ये आमचं सामान ट्रकमध्ये चढलं. पुढे काकाही निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि ते लेकीकडे राहायला गेले. एकोणिसाव्या मजल्यावर. काकू म्हणत, बाल्कनीत ते अजून पाऊल टाकत नाहीत, हॉलमध्येच फेऱ्या मारतात. आता काकू नाहीत. मिनू नोकरीसाठी परत दिल्लीकडे, गुरुग्रामलाच गेली, आणि गेल्या नोव्हेंबरात तिनं त्या फाइलीला नवं पान लावून, मोठ्या अक्षरात काकांचं रखडलेलं प्रकरण पुन्हा सादर करणारा अर्ज लिहिला आणि त्यांच्याकडे घेऊन गेली. मी फोनवर होतो. मिनूनं अर्ज वाचून दाखवला. मग बराच वेळ नुसती चपलांची चटकफटक ऐकू आली, आता खूप हळू, मध्ये थांबत थांबत.

"गुडघे दुखतायत गं यंदा," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पोरीची दोन वर्षं ज्या शब्दांनी खाल्ली होती, ते शब्द ऐकून मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी फोनवरूनच म्हटलं, "हो काका. पुढच्या वर्षी नक्की सादर करू."