आयुधपूजेच्या दिवशी उघडलेलं इंजिन

"मॅडम, सेल्फ मारू नका!" मी ओरडलोच.

डॉ. कविता यांचा अंगठा बटणावर होता. दोन्ही चाकांखाली लिंबं, हेडलाइटला झेंडूचा हार, टाकीवर चंदनाची तीन बोटं. माझ्या तंजावूरच्या वर्कशॉपसमोर वीसेक माणसं चुरमुरे आणि सुंडलचे, म्हणजे फोडणी दिलेल्या हरभऱ्यांचे, द्रोण घेऊन उभी होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं, राव अण्णा?"

"दोन मिनिटं थांबा फक्त."

कविता मॅडम भूलतज्ज्ञ. राहतात जवळच्याच ओरत्तनाडू गावात. त्यांची बाइक इटालियन, लाल, स्पोर्ट्स, सेकंड हँड घेतलेली. आमच्याकडे अशी गाडी सिग्नलला थांबली की लोक मायलेज विचारतात. मायलेजचं दुःख फार लहान आहे हो. या गाडीच्या इंजिनात दोन रबरी पट्टे असतात, टायमिंग बेल्ट, प्रत्येक सिलिंडरला एक. त्यांना आतून दात असतात. पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह वाटेत नको, ही वेळ ते पट्टे सांभाळतात. गाडी पळवा नाहीतर झाकून ठेवा, काही वर्षांनी पट्टे बदलावेच लागतात. बसवताना दोन दात इकडेतिकडे झाले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो. मग पार्ट इटलीहून चेन्नईला, तिथून इथे. गाडी चार महिने उभी, आणि त्या खर्चात एक साधी नवी गाडी दारात येते.

हे पट्टे मी आदल्या दिवशी बदलले होते. बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि पुलीवरच्या खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं, ही पद्धत. मी कधी चुकवत नाही. पण मागच्या सिलिंडरचा पट्टा बसवला आणि अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे वडील, वर्कशॉप त्यांनीच उघडलेलं.

"अस्की हत्यारं दे रे. धुवून पूजेस ठेवाची हायेत," आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, अस्की म्हणजे सगळी, आणि माझ्या हातातलाच पाना घेऊन गेले. तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला. बोलून परत येतो तर सेल्वमने, आमच्या जुन्या मेकॅनिकने, कव्हरं लावून टाकलेली. कव्हरं दिसली आणि डोक्याने ठरवलं, झालं काम. पहिला स्टार्ट पूजेनंतरच करायचा, असं मॅडमच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं. त्यामुळे गाडी सुरूही केली नव्हती.

मॅडमचा अंगठा बटणावर बघितला आणि आठवलं. फिरवून बघितलंच नाही.

पट्टा बरोबर बसला असेलही. शंभरातल्या नव्वद वेळा बसतोच. पण उरलेल्या दहा वेळांचे व्हॉल्व्ह माझ्या डोळ्यांसमोर वाकडे होऊन पडलेले.

"आज ढकलूनच लिंबांवरून नेऊ या," मी म्हणालो.

सासरे ओरत्तनाडूचे भातशेतीवाले, स्पष्ट माणूस. "ढकलायचीच तर हातगाडी काय वाईट होती?" ते तमिळमध्ये म्हणाले. लोक हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "उद्या पहाटे मी कोडाईकनालला निघतेय. आमचा बाइकवाल्यांचा ग्रुप त्रिचीत थांबणार आहे. खरं सांगा."

सगळ्यांसमोर सांगावं लागलं. "पट्टे बसवल्यावर तपासायचं राहिलं. माझ्याकडून."

कान गरम झाले माझे. तपासायचं तर कव्हर उघडायला हवं, आणि हत्यारं सगळी आयुधपूजेत, म्हणजे खंडेनवमीच्या पूजेत, मांडलेली. त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होते, मगच काम.

आत गेलो. केळीच्या पानावर पाने, पकडी, ॲलन की ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला चंदन-कुंकू. अप्पा समोर बसलेले.

"अप्पा, ॲलन की पाहिजे. प्लगचा पानापण."

"उद्या."

"गाडी पहाटे निघते. चूक माझी झालीय."

"वर्षात एक दिवस त्यांस सुट्टी. तीपण तुला नक्को?"

मी वाकलो आणि दोन्ही उचलली. अप्पा उठून आतल्या खोलीत गेले. त्यांनी दार लावलं नाही, पण मागे वळूनही बघितलं नाही.

कव्हरं काढली. प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. गाडी टॉप गिअरला टाकून सेल्वम मागचं चाक हाताने फिरवू लागला, सावकाश. मी खुणांवर टॉर्च धरला. एक फेरा. दुसरा. पुढचा सिलिंडर बरोबर. मागचा... मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. बरोबर. एक दातही सरकलेला नव्हता.

"म्हणजे काहीच झालं नव्हतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"मग एवढा तमाशा कशाला?"

"मामा," मॅडम सासऱ्यांना म्हणाल्या, "भूल द्यायच्या आधी मी पेशंटला तीनदा नाव विचारते. त्यालाही तमाशाच वाटतो." आणि हेल्मेट चढवलं.

प्लग, कव्हरं परत लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांत भाग घेता आला नाही. अप्पांचं जेवणाचं पान तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पुन्हा पूजा केली आणि हत्यारं एकेक करून सेल्वमच्या हाती दिली. ती ॲलन की आणि तो पाना मात्र त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले. "हे दोन पुढच्या वर्षी पूजेत मांडू नक्को. तुझ्याकडेच राहू देत," म्हणाले. ही परवानगी होती की राग, ते विचारायची हिंमत झाली नाही.

आता आयुधपूजेच्या आठवड्यात मी कुणाचंच इंजिन उघडत नाही, इटालियन तर नाहीच. हाताने दोन फेरे फिरवायला एक मिनिट लागतं. ते एकदा राहिलं, आणि अप्पा माझ्याशी नीट बोलायला जानेवारीतला पोंगल उजाडला.