मजुरीचा चहा

ये बाई, अशी जवळ सरक. दारातूनच "काकू, निघते" म्हणायची ही कोणती रीत झाली? वादळासारखी येतेस, ओट्यावरचा मिक्सर, दोन पंखे अन् फवारणीचा पंप ओलांडून आत शिरतेस, पण हा पसारा कोणाचा, एवढंही विचारत नाहीस. चहा होईपर्यंत सांगते. देवानं अख्ख्या दुनियेत बसता न येणारा माणूस एकच घडवला, अन् तो नेमका माझ्या लेकाचा सासरा करून ठेवला.

तुम्ही व्याही म्हणता, आम्ही म्हणतो इवाई. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. पुढं जिनिंग बंद पडलं, पाठोपाठ आमची ईन, म्हणजे त्यांची बायको, गेली. काम गेलं, पण कान तसेच राहिले. कुठं काही कुरकुरलं की हे उठलेच. अरे हो, त्याच्याही आधीचं सांगायचं राहिलं. त्यांच्या लेकीची पाठवणी. सारा मांडव रडतोय, अन् मुलीचा बाप कुठं, तर नवरदेवाच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा! "ईनबाई, इंजन ठोके मारून राह्यलं, पोरगी वाटंत अडकन ना." मला तेव्हा असा राग आला होता. आता वाटतं, डोकं घालायला बॉनेट होतं हेच बरं झालं.

एकदा आम्ही संग्रामपूरला एका मयताच्या घरी बसायला गेलो. सगळे खाली मान घालून गप्प, अन् मधलं दार येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कर्रकर्र करतंय. इवायांची चुळबुळ सुरू झाली. मी डोळे वटारले, पण ऐकतील तर ना! खिशातून तेलाची बुधली काढली अन् बिजागरीत दोन थेंब सोडले. दार मुकं झालं. माझी तर मान वर होईना. तेवढ्यात जिचा नवरा गेला होता ती म्हातारी पदराआडून म्हणाली, "जलमभर सांगून राह्यली होती मी त्यायले, दारात तेल घाला म्हणून." अन् हसली बाई ती! तिला हसताना पाहून मग घरची पोरंही जेवायला उठली.

तर असा हा माणूस खामगावात एकटा. सून रोज फोन करायची, "बाबा, आमच्या इथं वरवटले या न राहाले." पण ते जुन्या चालीचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणजे नाही. यायचे सकाळच्या एसटीनं, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली अन् पाना-पेचकस, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचे. एकदा आमचा पंखा कटकट करत होता. "ईनबाई, हा पंखा कायले रडून राह्यला?" म्हणत स्टुलावर चढलेसुद्धा. पंखा गप्प केला, हात धुतले, अन् सुनेनं मुकाट्यानं पुढं केलेला चहा चक्क प्यायले. मी म्हटलं, "इवाईबुवा, लेकीच्या घरचा चहा चालला वाटतं?"

"हा लेकीच्या घरचा नाही. हा मजुरीचा चहा हाय."

झालं! तेव्हापासून हाच कायदा. नळ दुरुस्त केला की चहा, कपाटाचं दार बसवलं की भाकर, अन् मुक्काम करायचा तर विहिरीवरची मोटर उघडली पाहिजे. हातात पाना असला की पोरासारखे शीळ घालायचे, जेवायचेही भरपूर. सून सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या यांच्या, ताटाआधी बापाचं ताट वाढायची अन् मी न पाहिल्यासारखं करायची.

पण इतक्या हुशार माणसानं एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. घर ते केवढं, अन् त्यात मोडणार ते किती? एके दिवशी आले, मोटर ऐकली, दारं हलवून पाहिली, कुकरची शिटीसुद्धा तपासली. मग डॉक्टरानं वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले, "सगळं चांगलं हाय." खुर्चीच्या कडेवर बसून बाटलीतलं पाणी प्यायले अन् दुपारच्या एसटीनं उपाशी गेले. चुलीवर वांग्याची भाजी तशीच. सून दाराआड डोळे पुसत होती.

पुढच्या वेळी आम्ही सासू-सुनेनं डोकं चालवलं. मिक्सरचा स्क्रू ढिला करून ठेवला. त्यांनी मिक्सर उलटा केला, नाकाशी नेला. "ईनबाई, हा स्क्रू आपल्या मनानं नाही निंघाला. ह्याले हळदीची बोटं लागली हायत." मी हसले, ते हसले नाहीत. "खोट्या कामाची भाकर मले पचत नाही," म्हणाले अन् पिशवी उचलली. मग येणंच थांबलं. फोनवर सून विचारायची, "बाबा, काय करून राह्यले?" तिकडून उत्तर यायचं, "बसलो हावो." बाई, 'बसलो'! हा माणूस बसला म्हणजे काय उरलं?

मग मीच उठले. गल्लीतल्या घराघरात गेले, म्हटलं, बायांनो, खरोखर मोडलेलं काय असेल ते काढा. शिलाई मशीन आलं, पंप आले, एकीनं तर सवतीनं दिलेली इस्त्री आणली. ओटा भरला तसा फोन लावला, "इवाईबुवा, इथं खरं मोडलेलं पडलं हाय. येता, का लोकायले नाही म्हणून सांगू?"

"काऊन नाही म्हणता? आलोच!"

आता ओटा त्यांचा. मुक्कामही असतो. लेकीचं घर म्हटलं तर चिडतात. "हा माहा कारखाना हाय," म्हणतात. फक्त अलीकडं हात थरथरतो. बारीक स्क्रू धरवत नाही. मग सून स्क्रू धरते अन् ते पेचकस फिरवतात. तिला म्हणतात, "हलू नको बे," अन् स्वतःच हलत असतात. परवा पसाऱ्याकडं पाहत मला हळूच म्हणाले, "ईनबाई, हे सरलं म्हंजे?" मी म्हटलं, "गाव मोठं हाय." पण पाहतेस ना, ओट्यावर आता चारच वस्तू राहिल्यात.

आत्ता ते मोटरीकडं गेलेत, येतील. घे, चहा घे. अन् लवकर ये पुन्हा, हात हलवत येऊ नको. तुझ्या घरी काही मोडलं असेलच, ते घेऊन ये. मुद्दाम मात्र मोडू नको बाई, त्यांना कळतं.