भेटल्याशिवाय नाव वाचायचं नाही

माझा धाकटा भाऊ मंगळवारी गेला आणि त्याच आठवड्याच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीने त्याला बरं वाटावं म्हणून प्रार्थना केली. चूक माझी होती.

दर शनिवारी संध्याकाळी आजाऱ्यांची यादी लिहायचं काम माझ्याकडे होतं. भाऊ सांगायचा आणि मी लिहायची, कारण त्याचं अक्षर त्यालाही लागत नसे. रविवारी उपासनेत सार्वजनिक प्रार्थनेच्या वेळी ती नावं मोठ्याने वाचली जात. त्या शनिवारी सांगणारं कुणी नव्हतं. मी मागच्या आठवड्याचा कागद समोर ठेवला आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. पंधरा नावं होती. शेवटचं त्याचं. आठ महिने, त्याचं दुखणं सुरू झाल्यापासून, ते शेवटीच असायचं, कारण तो म्हणायचा, "मला शेवटी टाक, ताई. मी घरचाच."

आमच्याकडे प्रार्थना वाचणारे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. कागदावर असेल ते वाचायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी माझ्या भावाचं नाव वाचलं. "प्रभू, आमची विनंती ऐक," असं लोक म्हणू लागले आणि वाक्याच्या मध्येच अर्धे लोक थांबले. पूर्ण वाक्य स्पष्ट ऐकू आलं ते माझंच.

उपासना संपल्यावर मंडळीचे सेक्रेटरी माझ्याजवळ आले. बँकेत अधिकारी आहेत, शांत बोलतात.

"बाई, दुःखात असं होतं. पण आपल्यात मृतांसाठी प्रार्थना नसते. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरंच, मला सांगण्याची गरज नव्हती. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीच्या, वर्गात, चौदाव्या वर्षी, मी हे पाठ केलं होतं. गेलेला माणूस देवाच्या हाती असतो, त्याच्याबद्दल आभार मानायचे, विनवणी करायची नाही. आम्ही ल्युथरन पंथाचे लोक यात काटेकोर आहोत आणि मी तर सगळ्यातच काटेकोर. महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या.

"आता हे ओझं तुम्ही घेऊ नका," ते म्हणाले. "कमिटीत आमचं बोलणं झालंय. यादी टाईप करून घेऊ. आपल्या सभासदांची. ग्रुपवरही टाकता येईल."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"अकरा जण आहेत."

"ते आपले नाहीत, बाई."

इथे त्या अकरा जणांबद्दल सांगायला हवं. भाऊ पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर होता. नखांच्या कडा कायम कुठल्यातरी रंगाच्या, बहुतेकदा गुलाबी. एकदा त्याच्या खात्यातला एक कामगार दवाखान्यात पडला. भाऊ त्याला बघायला गेला आणि निघताना सहज म्हणाला, रविवारी तुझं नाव घेतो आमच्याकडे. तो माणूस बरा होऊन कामावर आला आणि शेजारच्या म्हातारीचं नाव घेऊन आला. मग कुणाचा मेहुणा, कुणाची विहीण. धुळ्या-नंदुरबारकडून इकडे गुजरातेत आलेली, लूमवर नाहीतर मिलमध्ये राबणारी हिंदू माणसं. "आमचंबी नाव लावा तुमच्या यादीत," एवढंच म्हणायची. भाऊ त्यांना धर्माची पत्रकं वाटत नसे, काही मागत नसे. त्याचा नियम एकच होता. भेटल्याशिवाय नाव वाचायचं नाही. ज्याच्या खाटेशी त्या आठवड्यात कुणी बसलं नाही, त्याचं नाव रविवारी घेण्याचा आपल्याला हक्क नाही. म्हणून दर आठवड्याला, स्वतः आजारी पडल्यावरही, भेस्तान, पलसाणा, चलथाण अशी त्याची स्कूटर फिरायची.

मंडळीत त्याला टोमणे बसायचे. "इतकी वर्षं जातोयस, एक तरी माणूस चर्चला आणलास का?" एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"खाटेसकट आणला असता हो," भाऊ म्हणाला. "पण हॉलचं छप्पर भाड्याचं आहे. फोडून खाली सोडला तर मालक ओरडेल."

शुभवर्तमानात आजाऱ्याला छप्पर फोडून खाटेसकट येशूपुढे सोडतात, ती गोष्ट वाचलेले सगळे हसले. विचारणारेही हसले. विषय तिथेच मिटला, पण प्रश्न राहिला असावा. आता उत्तर देणारा नव्हता.

"दिवस कसे आहेत, बघताय ना," सेक्रेटरी त्या रविवारी मला म्हणाले. "बाहेरच्या लोकांची नावं आपल्या कागदावर कशाला, धर्म बदलवताय का, असं उद्या कुणी विचारलं तर?"

भीती खोटी नव्हती. आणि ते वाईट माणूस नाहीत. भावाच्या मातीला शेवटपर्यंत उभे होते, उन्हात, टोपीशिवाय. तरी मला राग आला. मी सहसा रागावत नाही, रागावले तर घरी जाऊन वाचत बसते. त्या दिवशी मी उभी राहिले.

"त्यांनी आपल्या तोंडाने नावं दिली आहेत," मी म्हटलं. "आपण ती खोडायची?"

"बाई, नियम तुमच्या भावाचाच आहे ना? भेटल्याशिवाय वाचायचं नाही. भेटणारा गेला." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही यातल्या किती जणांना भेटलात?"

एकालाही नाही. कित्येक वर्षं ती नावं मी लिहिली होती. कुणाच्या नावात कोणतं जोडाक्षर येतं हे मला माहीत होतं. तोंड एकाचंही माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी पाळकसाहेब येतात," मी म्हटलं. "तोवर यादी माझ्याकडे राहील."

आमचे पाळक बाहेरगावचे, महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला येतात. हातात सात दिवस होते.

पत्ते जुन्या याद्यांच्या पाठीवर सापडले, भावाच्या त्या अक्षरात. पत्ते तरी कसले. "भेस्तान, टाकीमागे, निळं दार, कुत्रं भुंकतं पण चावत नाही." सोमवारी मी रिक्षा केली. कुत्रं तसंच निघालं.

दार उघडलं ते एका खानदेशी बाईने. मांडीवरचं साडीच्या लेसचं काम तसंच हातात होतं.

"कोन शे?"

"मी त्या मिलवाल्या भाऊंची बहीण."

"भाऊनी बहीन? ये माय, बठ. तो का नही उना?"

तो का आला नाही, ते मी सांगितलं. तिने लेस खाली ठेवली. मग म्हणाली, "मंगळवारले? आनि तू आज उनी?" तिच्या आवाजात रागावणं होतं की नवल, मला कळलं नाही.

आत तिचा नवरा पडून होता. लूमवर वीस वर्षं काढून छाती गेलेली. मी स्टुलावर बसले. पर्स मांडीवर धरून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"भाऊ यायचा तर कोपऱ्यापासून आवाज यायचा," तो म्हणाला. "तुमच्या चपलेचापन येत नाही."

"मला बोलता येत नाही फारसं."

"मग बसा. त्याला काय."

मी बसले. अर्धा तास असेल. निघताना विचारलं, "रविवारी नाव घेऊ ना?" तो म्हणाला, "मग इतक्या लांब कशाला आलात?"

पलसाण्यात भावाच्या खात्यातला तरुण होता, उकळत्या रंगाच्या पाण्याने हात भाजलेला. पट्टी कोपरापर्यंत. त्याने मला लगेच ओळखलं.

"टीचर ना तुम्ही? भाऊ सांगायचे, आमची ताई मोत्यासारखं लिहिते, पण चार माणसांत बोलायला सांगितलं की घाम फुटतो. आता चर्चमध्ये कोण वाचणार?"

"मी."

"तुम्ही?" तो मोकळेपणी हसला. "मग मी बरा झालेलाच चांगला."

भाऊ गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तिथे, मिलच्या मागच्या खोलीत, परक्या मुलासमोर. बाहेर आल्यावर मला त्याची लाज वाटली, आणि नंतर लाज वाटल्याचा राग आला.

सगळं असंच झालं असं नाही. एका घरी माणसाने दारातच हात जोडले. "भाऊंवर जीव होता आमचा. पण पोरगा आता नोकरीला लागलाय. नाव नका घेऊ, बोभाटा नको." मी तिथेच पेन काढून त्यांच्यासमोर नाव खोडलं. खोडताना सेक्रेटरींची आठवण झाली. ते म्हणत होते त्यात तथ्य होतं. पण मला असंही वाटलं, की नाव खोडायला सांगायचा अधिकार या माणसाचा आहे, कमिटीचा नाही.

चलथाणला साखर कारखान्याच्या मागच्या वस्तीत एक म्हातारी होती. ऊसतोडीला आली, खुब्याचं हाड मोडलं, मग मुलाकडेच राहिली. तिने मला खाटेवर शेजारी बसवून घेतलं आणि भावाची बातमी आधीच कळली असल्याचं सांगितलं. मग टीव्हीकडे बोट दाखवलं.

"रविवारी साडेदहाला मी हा बंद करते. पोरं बोंबलतात. मी म्हणते, गप बसा, आता माझं नाव चाललंय तिकडं."

"ऐकू थोडंच येतं इथे, आजी."

"न येऊ दे. एवढी माणसं नाव घेतात. घरात सून मला 'ओ म्हातारे' म्हणते, ते सोडून दुसरं नाव नाही मला."

"ऐकतेय मी," चुलीकडून सून म्हणाली.

"ऐक की. तुझ्यासाठीच बोलले." म्हातारी माझ्याकडे वळली. "आता भाऊचं नाव कोण घेतं?"

मी तिला समजावलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी देवाकडे काही मागत नाहीत. जिवंत माणसासाठी मागायचं, गेलेल्याचे फक्त आभार मानायचे. शाळेत समजावायचे तसं, सावकाश.

तिने ऐकून घेतलं. "मग मागू नका," ती म्हणाली. "नाव तर घ्या."

शनिवारपर्यंत माझे गुडघे सुजले होते. नऊ जणांना भेटून झालं होतं, एकाने नको म्हटलं होतं. अकरावा एक चौकीदार. त्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी गुजरातीत म्हणाले, बेन, ते गावी गेलेत, कधी येतील माहीत नाही. मी दोनदा जाऊन आले. कुलूप तसंच होतं.

रविवारी उपासनेआधी पाळकसाहेब हॉलमागच्या छोट्या खोलीत झगा घालत होते. तरुण आहेत, गाडीत रात्रभर बसून आलेले. सेक्रेटरींच्या हातात टाईप केलेला कागद होता, त्यावर तीन नावं. माझ्या हातात माझा कागद.

पाळकसाहेबांनी दोघांचं ऐकलं. मग मला विचारलं, "सगळ्यांना भेटलात?"

"नऊ जणांना. एकाच्या दाराला कुलूप होतं."

"मग त्यांचं नाव?"

"वाचणार नाही. परत आले की."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "नुसती पहिली नावं घ्या," ते म्हणाले. "आडनाव, वस्ती नको. सेक्रेटरीसाहेबांची काळजी बरोबर आहे."

हे मला पटलं. मी मान हलवली.

"पण कमिटीचा ठराव—" सेक्रेटरी म्हणाले.

"ठराव सभासदांच्या यादीचा आहे ना? ती तुम्ही वाचा. बाई त्यानंतर प्रार्थना करतील. प्रार्थना करायला ठराव लागतो, असं मी तरी कुठे शिकलो नाही."

सेक्रेटरींनी तीन नावं वाचली. मग मी पुढे गेले. आजोबांनी चष्मा काढून मला जागा दिली. त्या स्टँडमागे मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. समोर चाळीसेक माणसं, डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष, आणि पुरुषांच्या दुसऱ्या रांगेत भावाची खुर्ची, तिच्यावर आता कुणाचा तरी नातू बसलेला.

मी पहिलं नाव वाचलं. आणि लगेच ते पुन्हा वाचलं. तीस वर्षं मुलांना श्रुतलेखन घातलेलं. प्रत्येक शब्द दोनदा उच्चारायचा, मागच्या बाकापर्यंत पोहोचायला हवा. तोंडाला तेच वळण. लोक गोंधळले. काहींनी एकदा "विनंती ऐक" म्हटलं, काहींनी दोनदा. तिसऱ्या नावापर्यंत सगळ्यांनी माझी पद्धत पकडली आणि दोनदा म्हणू लागले. निळं दार. भाजलेला हात. मोडका खुबा. आता मला प्रत्येकाचं तोंड माहीत होतं. चलथाणला टीव्ही बंद असेल, सून भांडी आपटत असेल.

नववं नाव झालं. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "जो या सगळ्यांकडे जात असे, त्याच्याबद्दल आम्ही आभार मानतो." आणि भावाचं नाव घेतलं. तेही दोनदा. काही मागितलं नाही. कुणाला काही म्हणता येणार नव्हतं आणि कुणी म्हटलंही नाही.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी दाराशी होते.

"बाई, नावं वाचायला आज दुप्पट वेळ लागला."

"हो."

"दर रविवारी असं करणार?"

"दर रविवारी."

"आणि तुमचे गुडघे?"

"रिक्षा आहे," मी म्हटलं.

चौकीदाराची खोली हॉलपासून फार लांब नाही. मी चप्पल घातली आणि कुलूप निघालंय का ते बघायला गेले.