कॉफीची कणी

माझ्या बाबांच्या उजव्या हाताची बोटं सौसरच्या एका जिनिंगमध्ये गेली. मी तेव्हा चौथीत होते. सरकी काढायच्या यंत्रात कापूस ढकलताना सदऱ्याची बाही ओढली गेली, एवढंच झालं. हंगामी कामगार, भांडणार कोणाशी? दवाखान्यातून आल्यावर बाबा डाव्या हातानं जेवायला शिकले आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन पांढुर्ण्याला आलो, कारण इथं मायला संत्र्याच्या पेट्या भरायचं काम मिळत होतं. तेही बहार असेल तोवर. उरलेल्या महिन्यांत माय कापूस वेचायला जायची, निंदणाला जायची, जो बोलवेल त्याच्या वावरात जायची.

घरी भात शिजायचा तो कणीचा. तांदूळ कांडताना जे तुकडे पडतात ती कणी. दुकानदार तिचं पोतं मागं कोपऱ्यात ठेवायचा. मला दुकानात पाठवताना माय दारातच पढवायची, "कोंबड्यांसाठी पायजे म्हणजो. आन् हळू बोलजो." आमच्याकडे एकही कोंबडी नव्हती. दुकानदारालाही ते ठाऊक होतं. मला त्या खोटं बोलण्याचा फार राग यायचा. तांदूळच तर आहे तो, तुटला म्हणून काय झालं?

पुढं मायनं कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी टाकली आणि मी त्याच फाटकातून आत गेले. आमच्या खानदानात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही, तेव्हाही सांगत नव्हते. आम्ही बौद्ध वस्तीतले. काही लोक आमची टपरी ओलांडून पुढच्या हॉटेलात चहा प्यायला जायचे, हेही मी लिहून टाकते. लाज वाटायची असेल तर त्यांना वाटो. टपरी चालत होती, त्यावर माझी फी भरली जात होती, धाकटी दोघं शाळेत जात होती.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बातमी आली. कॉलेजला भिंत घालणार, समोरच्या साऱ्या टपऱ्या उठणार. त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत. आतमध्ये नवी कँटीन होणार आणि ती कोणाला तरी चालवायला देणार.

मी सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, कँटीन माझ्या आईला द्या."

सर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. म्हणाले, "चहा सगळेच करतात. आपले निम्मे प्राध्यापक नागपूरहून गाडीनं येतात, त्यांना कॉफी लागते. पोरांना परवडेल अशा भावात चांगली कॉफी जो देईल त्याला कँटीन. सुट्टी लागायच्या आधी स्टाफची बैठक आहे. तिथं करून आणा, पिऊन ठरवू."

बाहेर आले आणि आठवलं, आमच्या घरात आजवर कोणी कॉफी प्यालेलंच नाही.

बाबा म्हणाले, "चाय जमते तं चायच कर ना वं बाई. नसतं खूळ कशाले?"

माय मात्र पदर खोचून उभी राहिली. "एकदा पिऊन तं पाहू, कशी रायते ते."

म्हणून आम्ही मायलेकी पॅसेंजरनं नागपूरला गेलो. सीताबर्डीवर एक मोठं कॉफी हाऊस होतं. त्याच नावाची त्यांची दुकानं मोठमोठ्या गावांत होती म्हणे. पांढरा फेटा बांधलेले वेटर, काचेचे दरवाजे, आणि आत शिरताच तो वास! मी दारातच थांबले. भाजल्याचा, थोडा करपल्याचा, थोडा गुळासारखा. माय नाकानं हुंगत म्हणाली, "पोरी, हे तं भाजीव हाय. बी भाजलं हाय कशाचं तरी."

आम्ही दोघींत एकच कप मागवला. माय एक घोट घ्यायची, मी एक. तिनं डोळे मिटून घेतले होते. उघडले आणि म्हणाली, "जमते. हे जमते मले." मला तिथंच नाचावंसं वाटलं.

पण मग बिल आलं. त्या एका कपाच्या पैशांत आमच्या टपरीवर बाकभर लोकांचा चहा झाला असता. बाजूच्या काउंटरवर भाजलेल्या बियांची पाकिटं विकायला होती. त्यांचा भाव ऐकून तर मायनं माझा हातच धरला, "चाल निंग इथून." किराणा दुकानात डब्यातली तयार पावडर मिळायची, तीही तशीच महाग. पोरांना परवडणार कशी?

मी हलले नाही. त्या पाकिटातल्या अख्ख्या, गुळगुळीत, एकसारख्या बियांकडे बघत होते. एकही तुटलेली नव्हती. मग तुटलेल्या जातात कुठं?

काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं, "भाऊ, याची कणी मिळते का?"

"काय?"

"कणी. तुकडे. तुटलेल्या बिया."

माय इतकी घाबरली की काय सांगावं! चार सुटाबुटातले लोक वळून बघत होते. वर्षानुवर्षांची सवय, तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कोंबड्यांसाठी पायजे होती."

तो माणूस आधी थक्क झाला, मग काउंटरवर हात आपटून हसला. "बाई, तुमच्या कोंबड्या कॉफी पितात? मग झोपतात कधी?"

माय लाजेनं लाल. मीच म्हटलं, "आमच्यासाठीच पाहिजे. विकायला. चवीत फरक पडतो का?"

तो हसायचा थांबला. म्हणाला, "चवीत कशाला पडेल? बी तेच. दिसायला वाईट म्हणून आमच्याकडे येत नाही. तिकडं बंगलोरच्या बाजारात कच्ची पोतीच्या पोती मिळतात, अगदी स्वस्त. इकडं कोण आणणार?"

बंगलोर! मी मायकडे बघितलं, मायनं माझ्याकडे. तिचा भाऊ, माझा मामा, सौसरला राहायचा आणि संत्र्याचा ट्रक चालवायचा. मृगाच्या बहाराची संत्री उतरायचे दिवस होते. सौसर-पांढुर्ण्याची संत्री तेव्हा ट्रकमागून ट्रक बंगलोरला जात होती. येताना मामा हाती लागेल तो माल भरून आणायचा, कधी नारळ तर कधी चिंच. परतीच्या गाडीत मी माझ्या जागेवर बसूच शकले नाही. मायला म्हटलं, "संत्री जातील, कॉफी येईल!" ती म्हणाली, "हळू बोल वं, लोक पाहून राहिले." पण तीही हसत होती.

दुसऱ्याच दिवशी बसनं सौसर गाठलं. मामा ट्रकखाली झोपून काहीतरी ठोकत होता. सगळं ऐकून तो खालूनच बोलला, "भाची कॉलेजात गेली आन् मले कोंडा आणाले लावून राहिली."

"कोंडा नाही मामा, कणी. कच्ची पाहिजे. हिरवट असते. अन् वास घेऊन आण, बुरशीचा नको."

"हाव ना बापा, मॅडम. तुमच्या हुकुमानं आणतो."

आणली त्यानं. एक अख्खं पोतं! ट्रकमधून खाली टाकलं तेव्हा सारी वस्ती गोळा झाली. मी सुतळी तोडून हात आत घातला. हिरवट-करडे तुकडे, अर्धवट फुटलेले, काही पाव, काही अख्खेच चुकून आलेले. वास ओल्या गवतासारखा. शेजारची काकू म्हणाली, "हे तं मुंगाच्या चुरीवानी दिसते. याची चाय होते?" किंमत ऐकून मी मामाला दोनदा विचारलं. कॉफी हाऊसच्या पाकिटाशी तुलनाच नव्हती. बिया त्याच, मळा कदाचित तोच, फक्त तुटलेल्या.

आता भाजायचं कसं? अक्कल मीच चालवली. बाजारात भडभुंज्याची भट्टी होती, तापल्या वाळूत तो चणे-फुटाणे भाजायचा. एकसारखं भाजायला त्याच्यासारखा माणूस नाही, असं मी घरात भाषण दिलं. भडभुंज्यानंही हौसेनं भाजून दिलं. रंग काय सुरेख आला! बाबांनी डाव्या हातानं खलबत्त्यात कुटलं, मायनं उकळलं, फडक्यातून गाळलं, दूध-साखर घातली. चौघापाचांनी एकदम घोट घेतला.

पहिले बाबाच बोलले. "मीठ कोणं टाकलं याच्यात?"

खारट! आणि फेस पिवळा. मी कपाळाला हात लावला. भडभुंज्या सकाळपासून त्याच वाळूत मीठ-हळदीचे फुटाणे भाजत होता. मामा पोट धरून हसला, "ही घ्या नागपूरची कॉफी, सोबत फुटाणे फुकट!" धाकट्या दोघांनी मात्र ती सगळी संपवली, वर अजून मागितली.

बैठक जवळ येत चालली होती आणि टपरीच्या मागं भिंतीसाठी विटा येऊन पडल्या होत्या. मायनं चुलीवर लोखंडी कढई चढवली. तुकडे लहानमोठे, त्यामुळं बारीक होते ते जळून कोळसा झाले आणि मोठे हिरवेच राहिले. धूर एवढा की काकू ओरडत आली, "काय जाळून राहिली वं?" मग माय म्हणाली, आधी चाळू. ज्वारी चाळायची चाळणी, पिठाची चाळणी, शेवटी सूप. तीन ढीग केले आणि प्रत्येक ढीग वेगळा भाजला. माय हलवत होती, मी बाजूला ताट घेऊन उभी. कढईतून तडतड आवाज यायला लागला, आणि मग, खरंच सांगते, सीताबर्डीच्या त्या काचेच्या दारातला वास आमच्या कुडाच्या घरात शिरला. मी ओरडलेच. "माय, काढ! काढ!" तिनं ताटात ओतलं, आम्ही दोघी सुपानं वारा घालत होतो आणि फोलपट उडून आमच्या केसांत बसत होतं.

ती कॉफी बाबा प्याले. कप पुढं केला, "अजून दे."

बैठकीच्या दिवशी आमच्याशिवाय पुढच्या हॉटेलचे मालक आले होते. त्यांनी डब्यातली पावडर साखरेबरोबर चमच्यानं फेटून वर जाड फेस आणला होता. कप पण फुलांचे. आमचे साधे काचेचे ग्लास. ट्रे मी धरला.

आधी त्यांची कॉफी प्याली गेली. "छान," सगळे म्हणाले. मग आमची. नागपूरहून येणारे अर्थशास्त्राचे सर घोट घेऊन थांबले, ग्लास नाकाशी नेला. "अहो, ही तर बर्डीवरची कॉफी! कुठून आणता? हिचा भाव आपल्याला झेपायचा नाही."

मी भाव सांगितला. चहापेक्षा थोडाच जास्त.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "एवढ्यात कसं जमेल? काय घालता यात?"

मागून मायनं माझी ओढणी ओढली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. सांगू नको. चांगल्या बिया हायेत म्हण, बस. आणि खरं सांगितलं तर कँटीन हातची जाईल, ही भीती मलाही होती. विटा मी रोज बघत होते. पण लहानपणापासून ते हळू बोलणं मला नको होतं.

"कणी आहे सर," मी म्हटलं. "बंगलोरहून येते, संत्र्याच्या परतीच्या ट्रकमध्ये. अख्ख्या बिया मोठी दुकानं घेतात, तुटलेल्या आम्ही घेतो. भाजतो आम्ही घरीच."

हॉटेलवाले लगेच बोलले, "पाहा साहेब! मास्तर लोकांना चुरा पाजून राहिले हे."

मी ओढणीच्या गाठीतून मूठभर कच्चे तुकडे काढले आणि टेबलावर ठेवले. "चुरा म्हणजे झाडलेला कचरा. हे बी आहे, तुटलेलं. वास घेऊन बघा. आणि पिऊन तर झालंच आहे तुमचं."

अर्थशास्त्राच्या सरांनी एक तुकडा उचलला, दाताखाली धरून बघितला, आणि हसायला लागले. "मी इतकी वर्षं पाकिटाचा आकार बघून पैसे देतोय की काय?" मग मायकडे वळून म्हणाले, "ताई, आणखी अर्धा ग्लास असेल तर द्या."

माय पुढं झाली. तिनं त्यांचा ग्लास काठोकाठ भरला. प्राचार्यांनीही ग्लास पुढं केला. हॉटेलच्या मालकांनी आपले फुलांचे कप गोळा करायला सुरुवात केली.

जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा कँटीनचा परवाना मायच्या नावावर होता. काउंटरवर मी माझ्या अक्षरात पाटी लिहिली: कणीची कॉफी. माय ती कँटीन कितीतरी वर्षं चालवत राहिली. मी तिथूनच बी.ए. झाले, पुढं एम.ए. झाले, माझ्या पाठची दोघंही शिकली आणि नोकरीला लागली.