बाबांचे उपास आणि डाव्या पायाचा अंगठा

स्वयंपाकाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली तेव्हा सगळे नातेवाईक चिडवत होते, आता बसा तिन्ही त्रिकाळ भात खात. मी म्हटलं, बघा तर खरं. वर्षभरात मी अण्णा नगरच्या भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करत होते, शेवग्याच्या पाल्याला लसणाची फोडणी आणि दाण्याचं कूट घालत होते आणि केळफुलाची भाजी अशी करत होते, की शेजारच्या मामी वाटी घेऊन यायच्या. केळफूल त्यांचं, भाजी माझी!

सासूबाई गेल्या आणि त्या वर्षी सासरे साताऱ्याहून आमच्याकडे कायमचे राहायला आले. त्यांना मी बाबा म्हणते. बाबांना साखरेचं दुखणं फार जुनं. सासूबाई दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि सोमवार धरायच्या, ते बाबांची साखर उतरू दे म्हणून. त्या गेल्यावर बाबांनी ते सगळे उपास स्वतःकडे घेतले. "तिचं अर्धवट राहिलंय, मी पुरं करतो," एवढंच म्हणाले. त्यावर सुनेनं काय बोलावं? मी साबुदाणा आणून डबा भरून ठेवला.

मे महिन्यात चेन्नईत भर दुपारी देवळाच्या अंगणातल्या दगडांवरून अनवाणी चालायचं नसतं, हे इथल्या मांजरांनाही कळतं. बाबांना कोण सांगणार? अभिषेकाहून परत आले ते डाव्या अंगठ्याखाली टरारून आलेला फोड घेऊनच. आणि त्यांना पत्ताच नाही! साखरेनं पायाची जाणीव गेलेली. फरशीवर ओलं कसलं उमटतंय म्हणून मी बघितलं, तेव्हा फोड फुटला होता. दोन आठवडे झाले तरी जखम भरेना, उलट तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या.

आमच्या डॉक्टरीणबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इकडेच. बोलण्यात तमिळ हेल, मधे मधे तमिळ शब्द, आणि मधेच एखादा मराठी शब्द इतका जुना, की बाबा खूश होऊन माझ्याकडे बघायचे. त्या बाबांना "मामा" म्हणायच्या आणि बाबाही त्यांच्यासमोर शहाण्या मुलासारखे बसायचे. पण त्या दिवशी त्यांनी गोडीगुलाबी बाजूला ठेवली. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर थांबेल याचीही खात्री नाही. बाबा भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले.

मग मी कंबर कसली. टी. नगरला नणंदेसाठी साडी घ्यायला गेले होते, ती साडी राहिली आणि मागच्या गल्लीतल्या धान्याच्या दुकानातून ज्वारी घेऊन आले. इथे तिला चोळम म्हणतात. गिरणीवाल्यानं माझ्याआधी कुणाची तरी मिरची दळली होती, त्यामुळे पहिल्या भाकरीनं आम्हा तिघांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या वेळी मी गिरणीवाल्यासमोर उभी राहून जातं पुसून घेतलं. भात एक मूद, तीही हातसडीच्या तांदळाची. पालेभाजी रोज, चहा बिनसाखरेचा, आणि संध्याकाळी नवऱ्यानं बाबांना चालत नेऊन आणायचं ते बंद, कारण पाय. घरी बोट टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. साखर उतरायला लागली. मी मनात म्हटलं, बघा, आहे की नाही हात आपला!

आणि मग एके दिवशी ती टुणकन वर. परत उतरली, परत वर. माझं डोकंच फिरलं. एवढं मोजूनमापून ताट वाढतेय तरी हे कुठून येतंय? देवळातला गोड पोंगल? मामींच्या घरची फिल्टर कॉफी, दोन चमचे साखर घातलेली? मी मामींना जाऊन दम देऊन आले. त्या बिचाऱ्या देवाची शपथ घ्यायला लागल्या. मग बाबा जेवत असताना मी त्यांच्यासमोरच उभी राहिले.

"बाबा, खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"मी चोरून खातो असं वाटतं तुला?" त्यांचा आवाज चढला. "या वयात? सुनेपासून लपवून?"

"मग साखर काय वाऱ्यानं चढते?"

ते पान अर्धं टाकून उठले. नवरा माझ्याकडे असं बघत होता, जणू मी त्याच्या बापाला घराबाहेर काढलं. मी म्हटलं, बघू नका असे, अंगठा तुमच्या वडिलांचा आहे म्हणून बोलतेय.

पुढच्या तपासणीचा दिवस नेमका एकादशीचा आला. डॉक्टरीणबाईंनी तिथेच साखर बघितली आणि त्यांचे डोळे विस्फारले. जखम उघडून बघितली आणि पेन उचललं.

"मामा, आज काय खाल्लंत?"

"काही नाही. एकादशी आहे," बाबा ताठ मानेनं म्हणाले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. उपास आहे ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही तसंच सांगितलं, काही नाही, फक्त खिचडी. आणि मग माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. कसली खिचडी, म्हणून त्यांनी विचारलं तसं सांगत गेले. साबुदाणा. त्यात बटाटा. वर साजूक तूप. अशक्तपणा येऊ नये म्हणून दोनदा वाढलेली. मधल्या वेळी केळं. आणि संध्याकाळी व्हायचा तो रताळ्याचा कीस, गूळ घालून. बाई ऐकत होत्या आणि त्यांची पेन धरलेली बोटं हळूहळू टेबलावर खाली येत होती.

"जव्वरिसी?" त्या म्हणाल्या. "अय्यो! ते आमच्याकडे पायसात घालतात. तुम्ही त्यानं उपास करता?"

"मग तुमच्याकडे काय खातात उपासाला?" मी विचारलं. मला झोंबलंच होतं.

"भात नाही करायचा त्या दिवशी. इडली नाहीतर उपमा."

"इडली?" बाबा खुर्चीतून उठायचेच बाकी होते. "उपासाला इडली? शिव शिव शिव! आणि म्हणे मराठी!"

तिघंही हसलो. पण बाबांच्या पायावरचं बँडेज अजून सुटलेलंच होतं, त्यामुळे हसू फार टिकलं नाही. खिचडी मीच वाढत होते आणि तूपही मीच घालत होते, त्यात लाजायचं काय? आमच्याकडे उपास करणाऱ्याच्या पानात सढळ हातानं वाढतात. पण आता कळलं होतं, आणि कळल्यावर मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

रिक्षातच सुरू केलं. साबुदाणा बंद, बटाटा बंद, रताळं बंद. बाबा म्हणाले, मग पाण्यावर करतो. मी म्हटलं, गोळ्या घेऊन पाण्यावर राहिलात तर चक्कर येऊन पडाल, बाईंनी बजावून सांगितलंय. बाबा म्हणाले, पडलो तर पडलो, अंगठा गेला तर गेला, उपास मोडणार नाही.

माझा तोल सुटला. "आईंनी उपास कशासाठी धरले होते? तुमची साखर उतरावी म्हणून! आणि तुम्ही त्याच उपासांनी ती चढवताय! त्या असत्या तर त्यांनी हे चालू दिलं असतं?"

घर आलं. जिना चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "उपास मोडू नकोस. बाकी तुला काय करायचं ते कर."

झालं, मला तेवढंच हवं होतं. उपासाचे नियम मला पाठ आहेत. त्या नियमांत बसेल आणि साखरेलाही चालेल असं काय काय आहे ते मी बाईंना विचारून पक्कं केलं, उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची तेही विचारलं. पुढच्या सोमवारी बाबांच्या पानात काकडीची कोशिंबीर वाढली, भरपूर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घातलेली. जिऱ्याची फोडणी दिलेलं भोपळ्याचं भरीत. भाजलेले शेंगदाणे मूठभर. आणि तांब्याभर ताक.

बाबा पानाकडे बघत बसले. हात लावेनात. मला वाटलं, आता ताट भिरकावतात की काय. मी पण तयारीतच उभी होते.

"हे तुला तिनं शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी?"

"हिनं." सासूबाईंना ते कधी नावानं हाक मारायचे नाहीत. "तिच्या पानात हेच असायचं. काकडी, दाणे, ताक."

मला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर बदल्यांच्या गावी राहिलो, सासूबाईंच्या उपासाच्या दिवशी मी साताऱ्याला क्वचितच असायचे. मी तसं सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि जेवायला लागले. काही टाकलं नाही. ताक दोनदा मागून घेतलं.

त्यानंतर साखर उतरली ती उतरलीच. एकादशी असो, संकष्टी असो, यंत्रावरचा आकडा शहाण्यासारखा वागायला लागला. आधी जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, मग ती आत ओढल्यासारखी लहान होत गेली. श्रावण संपता संपता डॉक्टरीणबाईंनी अंगठा हातात धरून सगळीकडून दाबून बघितला आणि म्हणाल्या, "मामा, हा आता तुमचाच." मी भर दवाखान्यात टाळी वाजवली. बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले, बघू देत!

मला वाटलं होतं, बाबा खूश होतील. रिक्षात ते माझ्या शेजारी नव्या चपलेत पाय ठेवून बसले होते आणि बाहेर बघत होते. मी म्हटलं, बाबा, अंगठा वाचला, हसा की जरा.

"उपासाच्या दिवशी सगळ्या घराला खिचडी असायची," ते म्हणाले. "पहिली वाढ माझी. तूप घालून. परत घ्या, परत घ्या, म्हणायची. शेवटी पातेलं रिकामं व्हायचं. मला वाटायचं, तिला काकडी आवडते."

मी त्यांचा हात धरला.

"उपास ती करत होती गं," बाबा म्हणाले, "आणि खिचडी मी खात होतो."