नवमीपर्यंत बंद ठेवलेला लॅपटॉप

शेजारच्या लतिकाबाई म्हणतात, सत्यभामाताई, तुमची गीतांजली म्हणजे गरीब गाय आहे. गाय! अहो बाप्पा, माझ्या सुनेला तुम्ही ओळखलंच नाही. ती भांडी आपटत नाही, माहेरी फोन लावून रडत नाही, नवऱ्याचे कान भरत नाही, हे सगळं खरं. पण एकदा डूख धरला की सोडत नाही. दोन वर्षं एका छपराखाली राहून मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगून राहिले.

आम्ही रांझीचे, परमुलखातल्या कारखान्याच्या वस्तीतले मराठी लोक. माझे यजमान कारखान्यात फिटर होते, ते गेले, आता मुलगा गौतम तिथंच आहे. गीतांजली घमापुरला विम्याच्या ऑफिसात काम करते. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून. त्यात बाईनं वर्षभराचा एक डिप्लोमा लावून घेतला होता. परीक्षा पास झाली की टीम लीडर, असं साहेबानं लिहून दिलं होतं. हाताखाली बारा माणसं असणार होती. परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. मध्ये स्क्रीन बंद पडली की परीक्षा तिथंच संपली, असा कडक नियम.

जुना लॅपटॉप म्हणजे नुसता पाटा. तो आणि पुस्तकं खांद्याला लावून बसनं जायची न ती, खांदा सुजायचा. संध्याकाळी मीच राई-लसणाचं तेल चोळून द्यायची. शेवटी तिनं ठरवलं, सडपातळ लॅपटॉप घ्यायचा. आणि घेतला कसा? तीन महिने निवड चालली होती. वहीत लिहून ठेवलं होतं: वजन सव्वा किलोच्या वर नको, बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे, मेमरी सोळा जीबी, टायपिंग करताना खटखट आवाज नको. रविवारी दुकानात जायची, स्टुलावर बसायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि बसमध्ये बसल्यासारखी डावीकडे-उजवीकडे हलून पाहायची. दुकानदार तोंडाकडे पाहत राहायचे. मग लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, दोन पुस्तकं, सगळं पिशवीत भरून दुकानाच्या पायऱ्या चढायची-उतरायची. मुलगी पाहायला गेलेले लोक इतकी चौकशी करत नाहीत.

मॉडेल पक्कं झालं तेव्हा मीच म्हटलं, घ्यायचंच आहे तर आपल्या माणसाकडून घे. आपला माणूस म्हणजे शैलेंद्र. गोहलपुरला त्याचं कम्प्युटरचं दुकान, मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे उभा, मला मावशी म्हणणारा. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला, सीलबंद खोकं काढलं, त्याच्यावर हळदकुंकू लावलं.

गीतांजली म्हणाली, "भैया, इथंच उघडून पाहते."

तो हसला. "वहिनी, घट बसले आज. आपल्यात हत्यार पूजल्याशिवाय चालवतात का? मावशी, तुम्हीच सांगा. नवमीला पूजा करा, मग उघडा."

मला इतकं बरं वाटलं! परमुलखात राहून पोरानं रीत सोडली नाही म्हणून. आमच्या घरी खांडेनवमीला यजमानांचे पाने, मायक्रोमीटर, माझी शिलाई मशीन, सगळं पाटावर मांडून पुजतात. नवं हत्यार पूजेआधी वापरायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांपासूनचा कायदा. कारखान्यातल्या सगळ्या मराठी घरांत आहे. मी खोकं आणलं आणि माझ्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

तिनं किल्ली मागितली होती. नाही म्हणत नाही मी. दुसऱ्या दिवशी मागितली, पाचव्या दिवशी मागितली, सातव्या दिवशी तर म्हणाली, "आई, फक्त पाच मिनिटं. बदलून मिळायची मुदत आज संपते." मी म्हटलं, "या घरात देवापेक्षा तुझा लॅपटॉप मोठा झाला का?" रीत ती रीत, त्यात माझं काय चुकलं?

नवमीला पूजा झाली, खोकं उघडलं. लॅपटॉप दिसायला तोच, सडपातळ, चकचकीत. चालू केला तर मेमरी निम्मी. खालच्या बाजूला जो नंबर होता तो खोक्यावरच्या नंबराशी जुळेना. बॅटरी दीड तासात संपली. कुणाचा तरी वापरलेला माल नव्या खोक्यात घालून मेल्यानं वर सील चिकटवलं होतं!

आम्ही तिघं दुकानात गेलो. शैलेंद्रनं नंबर पाहिले, खोकं उलटंपालटं केलं आणि गल्ल्यावरूनच बोलला, "सात दिवसांची मुदत गेली, वहिनी. आणि माल आठ दिवस तुमच्या घरात होता. आत काय बदललं न काय नाही, मला काय माहीत?"

म्हणजे आम्ही चोर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुकानात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गौतमनं मला हाताला धरून बाहेर काढलं. गीतांजलीनं खोकं पिशवीत घातलं आणि म्हणाली, "चलो."

जुना तोवर बंद पडला होता, दुसरा घ्यायला पैसे उरले नव्हते. एका मेकॅनिकनं बॅटरी बदलून दिली, म्हणाला चालून जाईल. परीक्षेच्या दिवशी घरात मी कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीनं तिचं ध्यान जाईल म्हणून. तेवीस मिनिटं झाली आणि स्क्रीन काळी पडली. तिनं दोनदा बटण दाबलं. मग हात मांडीवर ठेवून त्या काळ्या काचेसमोर बसून राहिली. टीम लीडरची जागा तिच्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या अनिमेषला मिळाली, आणि दुसऱ्या सोमवारपासून ती त्याला सर म्हणायला लागली.

त्यानंतर बाईनं सुरू केलं. पहिल्यांदा लतिकाबाईंच्या पोरासोबत लॅपटॉप घ्यायला गेली. मग क्वार्टरमधल्या तनयसोबत. मग रांझीत बोभाटाच झाला की लॅपटॉप घ्यायचा तर गीतांजलीदीदीला घेऊन जा. रविवार झाला की दारात कोणी न कोणी हजर. तिचा एकच नियम, आधी खोकं फोडा, नंबर जुळवा, चालवून पाहा, मग बिल. लोकांना ती सगळ्या दुकानांत न्यायची, गोहलपुरातसुद्धा न्यायची, पण शैलेंद्रच्या दुकानासमोर आली की पायरीवर थांबायची, आत नजर टाकायची आणि पुढे निघून जायची. सोबतचे लोक विचारायचे, "दीदी, इथं काहून नाही?" ती म्हणायची, "तुम्हीच विचारून पाहा त्यांना." बस, एवढंच.

वर्षभरात त्याच्या दुकानातली रांझीची गिऱ्हाईकं आटली. मी खूश! देवापुढे साखर ठेवली. पण हिचं समाधान कुठं?

पुढच्या नवरात्राच्या तोंडावर मंडळानं ठरवलं, दहावी-बारावीच्या हुशार पोरांना पंचवीस लॅपटॉप द्यायचे. अध्यक्ष अण्णांनी गीतांजलीला बोलावलं, कोणाकडून घ्यायचे विचारलं. आणि ही माझ्यासमोर म्हणाली, "शैलेंद्रभैयांकडून घ्या. आपला माणूस आहे."

घरी येऊन मी तिच्यावर तुटून पडले. "डोकं फिरलं का तुझं? त्या हरामखोराचं घर भरते?"

ती पोळ्या लाटून राहिली होती. म्हणाली, "आई, तो उपाशी आहे. उपाशी माणूस हात मारल्याशिवाय राहणार नाही. आणि त्याला माहीत आहे, मंडळ पूजा केल्याशिवाय खोकं उघडत नाही."

तेव्हा मला कळलं. आणि खरं सांगते, मला आनंद झाला, इतका की रात्री मी दोन पोळ्या जास्त जेवले.

घटस्थापनेला मंडळाच्या हॉलमध्ये पंचवीस खोकी उतरली. शैलेंद्र नवा कुर्ता घालून आला होता. पोरं, आईबाप, अण्णा, सगळा हॉल भरला होता. त्यानं तेच पुराण लावलं, नवमीला सामुदायिक पूजा करू, मग वाटप करू. अण्णांनी मान डोलावली. गीतांजली उठली, पर्समधून कात्री काढली.

"वहिनी, हे काय?" शैलेंद्र म्हणाला.

"काही नाही भैया. देवीला माल दाखवून घेते."

तिनं पहिलं खोकं फोडलं, ठीक निघालं. दुसरं ठीक, तिसरं ठीक. चौथ्याला ती थांबली आणि खोक्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला. मग लॅपटॉप उलटा करून अण्णांच्या हातात दिला. "अण्णा, आता तुम्ही वाचा." अण्णांनी चष्मा पुसून वाचला. एकही आकडा जुळत नव्हता. पंचवीसांत सात निघाले तसे.

शैलेंद्र तिच्याजवळ जाऊन कुजबुजला, पण मी पहिल्याच खुर्चीवर होते, सगळं ऐकलं. "वहिनी, हात जोडतो. तुमचा बदलून देतो, आजच्या आज नवा देतो. आपसात मिटवू. माझी अब्रू जाईल."

ती हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मोठ्यानं बोला न भैया! खोकी आत्ताच तुमच्या गाडीतून उतरली. आता सांगा, चोर कोण?"

एका पोराच्या बापानं त्याची कॉलर धरली, अण्णांनी सोडवलं आणि पोलिसात अर्ज लिहायला बसले. दिवाळीच्या आत त्याच्या दुकानावरची पाटी उतरली. मी मुद्दाम ऑटो करून पाहायला गेले. बंद शटरसमोर उभी राहून पोट भरेपर्यंत शिव्या दिल्या. लाज नाही वाटत सांगायला.

त्याच हिवाळ्यात गीतांजलीनं परीक्षा दिली, या वेळी नव्या लॅपटॉपवर. दुकानातच उघडून, दोन तास चालवून घेतलेला. पास झाली, अनिमेषच्या जागी टीम लीडर झाली. आता तोच तिला मॅडम म्हणतो.

मग यंदाची नवमी आली. मी पाटावर पाने मांडले, मायक्रोमीटर ठेवला, मशीनला फूल वाहिलं. तिचं ऑफिस चालू होतं, ती निघायच्या घाईत होती. मी हाक मारली, "गीतू, तुझा लॅपटॉप आण. कुंकू लावते."

ती दारातच थांबली. "नाही आई."

"काहून? अजून राग आहे का? शैलेंद्रचं तर वाटोळं केलंस न!"

"शैलेंद्र परका होता, आई," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "तुमच्यापाशी मी तीनदा किल्ली मागितली होती."

मी म्हटलं, "मग मलाही उभी कर मंडळापुढे. काढ कात्री!"

"तुम्हाला काहून करू मी काही? तुम्ही घरच्या." तिनं पिशवी खांद्याला लावली. "फक्त माझी कुठलीच वस्तू आता तुमच्या हाती देत नाही. दोन वर्षं झाली. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

आलं नव्हतं. दोन वर्षं मी शैलेंद्रकडे पाहून टाळ्या पिटत होते. हातातलं ताट ठेवलं आणि कपाट उघडलं. वरचा खण तिचा, मी त्यात कधी हात घालत नव्हते; तिथं तिच्या दागिन्यांचा डबा असायचा, नव्हता. तिची लग्नाची पैठणी नव्हती. सर्टिफिकेटांची फाईल नव्हती. बँकेची पासबुकं, माझ्या हवाली केलेली माहेरची चांदीची समई, काही नव्हतं. मी अंघोळीला गेले की किल्ली खुंटीवर असते, तेव्हा एकेक करून नेलं की कधी, देव जाणे. भांडण नाही, आवाज नाही. माझी किल्ली मात्र माझ्या कमरेलाच होती.

मी बाहेर धावले, तिला काही तरी म्हणायचं होतं. माफीच मागायची होती, दुसरं काय. पण बस सुटली होती.