आर्थरच्या गाडीतली डावी सीट

ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवर्जून वाचते, आणि खाली "घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एकदा तपासून घ्या, त्या वायूनेही भास होतात" अशी कमेंट टाकणारी ती आगाऊ बाई म्हणजे मीच. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे बघून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्या. फक्त अलार्मचं मला सांगू नका. जे झालं ते बिनटपाच्या गाडीत, भर उन्हात, मोकळ्या वाऱ्यात झालं.

आम्ही इंग्लंडमध्ये, मेडनहेडला राहतो. मी फिजिओथेरपिस्ट. नवरा मिलिंद बेसिंगस्टोकला आयटीत. त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे, म्हणजे व्हिडिओ बघण्यापुरतं. आमची स्वतःची गाडी करड्या रंगाची हायब्रिड. ती इतकी शांत आहे की चालू आहे की बंद, हे मी अजून डॅशबोर्डवर बघून ठरवते.

पलीकडच्या घरात आर्थर राहतो. ऐंशी ओलांडलेला, रिटायर्ड इंजिनिअर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या गॅरेजमध्ये एक फ्रेंच रेसिंग कार आहे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मिलिंद ते तीन वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारतो आणि आर्थरच्या मते तिन्ही चूक आहेत. गाडी निळी आहे. तेव्हा देशागणिक रंग ठरलेले असत म्हणे — इटलीची लाल, इंग्लंडची हिरवी, फ्रान्सची निळी. सायकलसारखी तारांची चाकं, बॉनेटला चामड्याचा पट्टा, मागची बाजू होडीसारखी निमुळती. दारं नाहीत. सीटबेल्ट नाहीत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या मनात फक्त फ्रॅक्चर्स आली.

दोन वर्षांपूर्वी आर्थरच्या नजरेच्या मधोमध धूसर ठिपका आला आणि त्याने आपणहून लायसन्स परत केलं. पण अशी गाडी नुसती उभी ठेवली की खराब होते. म्हणून यंदा इन्शुरन्स वगैरे रीतसर करून त्याने ती चालवायचं काम मिलिंदवर सोपवलं. त्या दिवशी मिलिंदचा चेहरा आमच्या लग्नात होता त्यापेक्षा जास्त उजळला होता. असो.

आता त्या डाव्या सीटबद्दल. स्टिअरिंग उजवीकडे, आणि डावीकडे एक चिंचोळी सीट, ड्रायव्हरच्या सीटपेक्षा थोडी मागे सरकवलेली, म्हणजे ड्रायव्हरचं कोपर मोकळं राहतं. ती मेकॅनिकची. त्या काळी रेसमध्ये ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा. हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब टिकवायचा, आणि मागे बघत राहायचा. मागून कुणी जोरात आलं की ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप. एवढ्या आवाजात बोलून काय ऐकू येणार? पुढे अपघातांत ड्रायव्हरबरोबर मेकॅनिकही मरायला लागले, तेव्हा नियम करून त्यांना काढलं. पण गाडी दोन सीटचीच हवी हा नियम आणखी काही वर्षं तसाच राहिला. "माणूस काढला, जागा ठेवली," आर्थर सांगायचा. "आणि हिच्यात तर मेकॅनिक कधी बसलाच नाही. ही बनली तीच रिकाम्या सीटची."

आर्थरचे गुडघे त्या फटीत मावत नाहीत. म्हणून पंप मारायला मी.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही हेन्लीच्या बाजूला निघालो. मी फ्लीस, मफलर आणि मुलीचा पोहण्याचा गॉगल अशा अवतारात. एक हात पंपावर, दुसऱ्याने समोरची कड घट्ट धरलेली, डोळे मिटलेले. मागे बघायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. अचानक मिलिंदने गाडी डावीकडे घेतली आणि शेजारून एक मोटरसायकल सुसाट गेली.

"कळलं, कळलं!" मिलिंद ओरडला. "इतक्या जोरात काय मारतेस?"

"कोण मारतंय?"

"खांदा दुखला माझा!"

पुढच्या पबच्या कार पार्कमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणे तू मारलंस, मी म्हणे माझे दोन्ही हात कामात होते. "मग तिसरा हात कुणाचा?" असं तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसलो.

परत येताना पुन्हा तेच. ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवून दोन्ही हात त्याला दिसतील असे वर धरले होते. त्याचा डावा खांदा पुढे ढकलला गेला... मी पाहिलं. मागे व्हॅन होती.

मी फिजिओ आहे. मी म्हटलं, मानेजवळचा स्नायू आखडलाय, म्हणून झटका येतो. त्याला व्यायाम दिले. त्याने ते केलेही — एरवी माझं कधी ऐकत नाही. मग पुढच्या खेपेला तो एकटाच, पंपही स्वतःच मारत गेला, आणि तासाभरात चेहरा पाडून परत आला.

"शुभा, त्याने मारलं."

"त्याने? कुणी?"

"तू नव्हतीस. म्हणजे 'त्याने'च ना?"

"मागे काय होतं?"

"पोर्श... नाही, ते जाऊ दे. होतं कुणीतरी. दर वेळी कुणीतरी असतंच गं. कुणी नसताना एकदाही मारत नाही."

आखडलेला स्नायू मागून येणारी गाडी बघत नाही, एवढं मलाही कळतं.

शेवटी आर्थरला सांगायचं ठरलं. मला वाटलं, म्हातारा हसेल, नाहीतर घाबरेल. चहाचा कप हातात धरून त्याने सगळं ऐकलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी ही गाडी चालवली. मला कधीच कुणी हात लावला नाही."

"आर्थर, कदाचित —" मिलिंद म्हणायला गेला.

"आणि तुला एका उन्हाळ्यात?" त्याने कप खाली ठेवला. "वेल. गुड फॉर यू."

त्यानंतर गॅरेज उघडेना. मिलिंदने किल्ली मागितली तर म्हणाला, बॅटरी उतरली आहे. मिलिंद घरी येऊन सोफ्यावर बसला. "त्या गाडीला बॅटरीच नाहीये," तो म्हणाला. त्याला इतकं उदास मी त्याच्या रिडंडन्सीच्या वेळी, नोकरी गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. आणि खिडकीतून दिसायचं, आर्थर एकटाच बागेत उभा, गॅरेजकडे पाठ करून. मला दोघांचाही राग येत होता, आणि दोघांची कीवही. दोन मोठी माणसं, भूत एकाला शिवतं आणि दुसऱ्याला नाही म्हणून रुसलेली!

मग एक दिवस बेल वाजली. दारात आर्थर, इस्त्रीचा पातळ शर्ट घालून.

"मला चालवायची आहे," तो म्हणाला. "एकदा. एकट्याने."

त्याच्या मित्राचं शेत आहे, त्यात जुना बंद पडलेला एअरफील्ड. खाजगी जागा. काँक्रीटचा एक गोल रस्ता, बाकी गवत. मी साफ नाही म्हटलं. तुम्हाला समोरचं दिसत नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, काही झालं तर मी काय उत्तर देऊ?

"शुभा, मला दिसत नाही हे मला माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "कुणी मला मारतं का, तेवढंच मला बघायचंय."

शेवटी मिलिंदने गाडी तिथे नेऊन उभी केली.

आधी आम्ही तिघं तो अख्खा रस्ता चालून आलो. काही नव्हतं, एक दगडसुद्धा नाही. मग हिप रिप्लेसमेंटच्या पेशंटला बसवतात तसं मी आर्थरला गाडीत बसवलं — आधी बूड, मग एक पाय, मग शिव्या, मग दुसरा पाय. दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही असं त्याने मला वचन दिलं. पहिल्या वळणाच्या आतच तिसरा पडल्याचा आवाज आला.

आणि खरं सांगते, सुंदर दिसत होतं ते. निळी गाडी, पांढरे केस, रिकामी डावी सीट. मिलिंद पुटपुटला, "वळणाची लाइन बघ कशी पकडतोय... पाठ आहे त्याला."

तेवढ्यात पलीकडच्या वळणावर कॅनडा गीज उतरले. इथल्या तळ्यांवर दादागिरी करणारे ते मोठाले पक्षी — एक अख्खा थवा, रस्त्याच्या मधोमध, मंडळाची मीटिंग भरावी तसे बसले.

मिलिंद हात हलवत धावत सुटला. मी ओरडले, "अहो आर्थर, थांबा! थांबा!" — मराठीत. मैदानाच्या त्या टोकाला, त्या इंजिनाच्या आवाजात. गाडी सरळ त्यांच्यावर चालली होती. आणि मग आर्थरचा डावा खांदा पुढे फेकला गेला. सगळं शरीर हललं त्याचं, कुणीतरी मागून मूठ हाणावी तसं. ब्रेक किंचाळले. गाडी तिरकी होऊन थांबली.

आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा बॉनेटपासून हाताच्या अंतरावर गीज उभे होते आणि गाडीवर फिसकारत होते. आर्थर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"त्याने मारलं मला," तो म्हणाला. "मिलिंद, ही ब्लडी वेल हिट मी!"

"आर्थर, तुम्हाला गीज दिसले?" मी विचारलं.

"गीज?" तो म्हणाला. "व्हॉट गीज?"

मी तिथेच त्याचा शर्ट उतरवला. डाव्या खांद्याच्या मागच्या बाजूला लाल वळ उठला होता, संध्याकाळपर्यंत तो जांभळा झाला. त्या गोळ्यांमुळे अशा माणसांना पटकन वळ उठतात, मान्य. पण काहीतरी लागावं तरी लागतं ना? मी नंतर स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसून सगळीकडे खांदा आपटून पाहिला. तिथे काहीच नाही. नुसती हवा आहे. आणि मेकॅनिक मागचं बघायचा, मग समोरच्या गीजसाठी थाप का? मिलिंद म्हणतो, आर्थरला दिसत नाही म्हणून त्याने आपली ड्यूटी बदलली असेल. हे काही स्पष्टीकरण नव्हे. आणि जी गाडी रिकाम्या सीटसाठीच बनली, तिच्यात हा आला कुठून? माझ्याकडे उत्तर नाही. वर्षानुवर्षं लोकांना अलार्म तपासायला सांगणाऱ्या बाईकडे नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या मंडळाचा गणपती होता. आर्थर आमच्याबरोबर आला, आरतीला चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले, आणि मग जो भेटेल त्याला शर्टाची बटणं काढून खांदा दाखवत सुटला. वळ आता हिरवा-पिवळा झाला होता. पटवर्धन काकूंनी चष्मा लावून नीट पाहिला.

"अगं शुभा, किती लागलंय ह्यांना! हळद नाही का लावलीस? त्यांना सांग, गरम करून लावली की दोन दिवसांत नाहीसं होतं."

मी भाषांतर केलं. आर्थरने काकूंकडे पाहिलं, मग घाईघाईने शर्ट खांद्यावर ओढून बटणं लावायला लागला.

"प्लीज थँक हर," तो म्हणाला. "बट नो."